रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी

(नाशिकमधल्या एका कॉलनीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं मी बाहेरून पाहिली आहेत. सव्वीस वर्षं नाशिकमध्ये घरदुरुस्तीची कामं करतेय, त्यामुळे रस्त्यानं चालताना नजर आपोआप छज्ज्यांकडे आणि गच्चीच्या कठड्यांकडे जाते. आपल्या या भागातली घरं मला मनापासून आवडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात कर्ज काढून, फंडातले पैसे उचलून बांधलेली ही घरं. काळ्या दगडाचं जोतं, पुढे ओटा, वर गच्ची, लोखंडी फाटक. नक्षी नाही, कमानी नाहीत. आज त्यांच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत आणि मधलं आपलं घर थकल्यासारखं दिसतं. ते पाडायचं नाही, विकायचं नाही, आणि हाताशी पन्नास-साठ हजार रुपये आहेत. अशा घरासाठी मी आज बोलणार आहे.

एक गोष्ट आधी सांगते. घर साधं आहे म्हणून ते वाईट दिसत नाही. ते वाईट दिसतं पाण्यामुळे आणि वर्षानुवर्षं त्याच्या अंगावर आपण जे ठोकत-चिकटवत आलो त्यामुळे. म्हणून आधी पाणी, मग काढाकाढी, मग दार आणि फाटक, आणि रंगाचा डबा सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सण जवळ आला की पहिला फोन रंगाऱ्याला जातो.

मीही तेच केलं होतं. 2009 साली दसरा 28 सप्टेंबरला होता. वडिलांच्या घराला दसऱ्याआधी नवा रंग हवा, म्हणून मी पावसाच्या उघडिपीत काम लावलं. दोन हात पुट्टी, प्रायमर, वर चांगला महागाचा रंग. दिवाळीला घर झकास दिसलं. होळीच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर रुपयाएवढे फोड दिसायला लागले. एक फोड मी नखानं दाबला, तर आतून भिजलेल्या कणकेसारखी मऊ पुट्टी बाहेर आली आणि तिच्या मागे मिठासारखा पांढरा थर. तो लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडताना आतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं. वर रंगाचा घट्ट पापुद्रा असला की क्षार त्यालाच ढकलून देतात. रंगात दोष नव्हता आणि रंगाऱ्याचाही नव्हता. ओल्या भिंतीवर काम लावायचा निर्णय माझा होता, आणि वडिलांचे पैसे त्यात गेले. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, म्हणून ती चूक मला जास्त लक्षात राहिली.

आपल्याकडे पाऊस त्र्यंबकच्या बाजूनं येतो. म्हणजे पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत जून ते सप्टेंबर मार खाते, आणि तीच भिंत एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर तापते. भिजायचं, तापायचं, भिजायचं. तडे तिथेच जास्त असतात. तेव्हा घर बघायला सुरुवात करायची ती त्या भिंतीपासून, तीही भर पावसात. छत्री घेऊन रस्त्यावर उभं राहा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. ही पाहणी फुकट असते, आणि ती कुणी करत नाही.

काय दिसेल ते सांगते. गच्चीचं पाणी सोडणारी पन्हळ बहुतेक घरांत आखूड असते. पाणी लांब पडायच्या ऐवजी भिंतीला चाटत खाली येतं, आणि तिथे वर्षानुवर्षं काळा ओघळ धरतो. त्या ओघळावर कितीही रंग द्या, दोन पावसाळ्यांत तो परत येणार. त्या पन्हळीला पीव्हीसी पाइप जोडून पाणी थेट जमिनीपर्यंत आणा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कठड्याचा माथा सपाट असेल तर तिथे पाणी साचून आत झिरपतं. गवंड्याकडून गच्चीच्या बाजूला थोडा उतार काढून घ्या.

आणि छज्जा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंच-दीड इंच आत, बोट मावेल अशी एक खाच लांबीभर गेलेली असते. पाणी कडेवरून वळून खालच्या बाजूनं भिंतीकडे सरकायला लागलं की या खाचेपाशी अडतं आणि तिथूनच टपकतं. तुमचं घर ज्या गवंड्यानं बांधलं त्याला हे माहीत होतं. नंतर दर रंगकामात ती खाच पुट्टीनं आणि रंगानं भरत गेली. आता पाणी बिनअडथळा खिडकीच्या चौकटीपर्यंत जातं आणि आपण म्हणतो, चौकट कुजली. माझ्या एका गवंड्यानं मागच्या वर्षी छन्नीनं अशी खाच पुन्हा मोकळी केली, चार खिडक्यांची, एका सकाळीत. पुढच्या पावसात खिडकीखालची भिंत कोरडी होती. एवढ्या स्वस्तातला उपाय माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

तड्यांबद्दल थोडक्यात. केसाएवढे बारीक तडे गिलाव्याचे असतात. ते खरवडून थोडे रुंद करायचे, धूळ झटकायची आणि बाहेरच्या भिंतीसाठीची भेगा भरायची पेस्ट दाबून भरायची. मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, शेजारी तारीख लिहा. काही महिन्यांत तडा खुणेच्या पुढे गेला तर रंगाचा विचार सोडा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

आणखी एक पाणी खालून येतं. आपली घरं बांधली तेव्हा रस्ता खाली होता. डांबराचे थर चढत चढत रस्ता वर आला आणि फाटकातून पाणी आत यायला लागलं. सिंहस्थाच्या तोंडावर शहरात रस्त्यांची कामं निघतात, तशी आताही 2027 च्या सिंहस्थासाठी निघाली आहेत. आपल्या गल्लीची पाळी आली की सगळ्यांनी मिळून नगरसेवकाकडे आणि महापालिकेकडे लेखी मागा, की जुना थर खरवडून मगच नवा टाका. एकट्यानं फाटकापुढे उंचवटा बांधून पाणी शेजाऱ्याकडे ढकलू नका. घराचं रूप सुधारतं आणि शेजार बिघडतो, हे मी पाहिलेलं आहे.

आता काढाकाढी. यालाही फारसा पैसा लागत नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मोबाइलवर घराचा फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. रोज दिसतं म्हणून जे दिसेनासं झालंय ते फोटोत दिसतं. बंद पडलेली डिश. तीन वेगवेगळ्या केबलवाल्यांच्या वायरी, त्यातल्या दोन मेलेल्या. मागच्या निवडणुकीचं स्टिकर. गंजलेल्या पत्र्याची पडवी, जिच्याखाली आता स्कूटरही राहत नाही. दारावर प्लॅस्टिकची तीन तोरणं, एकावर एक. हे उतरवा. चालू वायरी एका पट्टीत कोपऱ्यातून सरळ खाली घ्या. विजेच्या मीटरला मात्र हात लावू नका, ते महावितरणचं काम. एका काकूंच्या घरी आम्ही फक्त एवढंच केलं, एका रविवारी. संध्याकाळी त्यांच्या समोरच्या वहिनी विचारायला आल्या, रंग कोणता दिला म्हणून.

उलट बाजूनं, नवं काही चिकटवू नका. सध्या एलिव्हेशनची हौस आहे. दर्शनी भिंतीला दगडी टाइल नाहीतर चकचकीत पत्रे लावून देतात. ओल असलेल्या जुन्या गिलाव्यावर टाइल चिकटवली की ओल आत कोंडते आणि चार-पाच वर्षांत टाइल सुटते, तीही कुणाच्या तरी डोक्यावर पडेल अशा उंचीवरून. आणि दगड हवाच असेल, तर तो तुमच्याकडे आहे. जोत्याला, कंपाउंडला. बऱ्याच घरांत त्या काळ्या दगडावर ऑइलपेंट फासलेला असतो, वर सांध्यांच्या पांढऱ्या रेघा. काळारामाचं देऊळ ज्या काळ्या दगडात उभं आहे त्याच जातीचा हा दगड आहे. पेंट रिमूव्हर आणि तारेचा ब्रश घेऊन तो उघडा करा, सांधे भरून घ्या आणि त्याला तसाच राहू द्या. पावसात भिजलेला काळा दगड आणि वर फिकट भिंत, याहून चांगली रंगसंगती मला अजून सुचलेली नाही.

दाराबद्दल मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण पाहुण्याचा हात सगळ्यांत आधी त्याला लागतो. वडिलांच्या घराचं दार चॉकलेटी ऑइलपेंटचं होतं, मला आठवतं तेव्हापासून. सुतारानं हीट गननं पहिला थर काढला तेव्हा खाली हिरवा निघाला, त्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा चॉकलेटी. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक. दुसऱ्या दिवशी दुपारी साग दिसला. सरळ, दाट रेषांचा, मधाच्या रंगाचा. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारावरून तळहात फिरवत राहिली. आमचं दार ओट्याच्या सावलीत आहे म्हणून आम्ही जवसाचं तेल दिलं, तीन दिवस, पातळ हातानं. ऊन-पाऊस थेट लागणाऱ्या दाराला बाहेरच्या वापराचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश घ्या; घरातल्या फर्निचरचं चंद्रसचं पॉलिश तिथे टिकत नाही. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात; उघड्यावर पसरून वाळू द्या. कडी-कोयंडा पितळी होता, तो चिंचेनं घासला. मूठ मोडली होती, ती भांडी बाजारातून आणली.

फाटकाचं काम सोपं आहे, पण कष्टाचं. गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण निघाला पाहिजे. गंजावर रंग म्हणजे पैसे पाण्यात. त्याच दिवशी रेडऑक्साइडचा हात, मग ऑइलपेंटचे दोन. खालचा पत्रा सडला असेल तेवढाच वेल्डरकडून बदला. आणि बिजागऱ्यांना तेल द्या. कुरकुरणारं फाटक ऐकूनच घर जुनं वाटतं.

आता रंग. आधी तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी भुकटी आली तर जुना चुना किंवा सिमेंट पेंट सुटतोय. तो खरवडल्याशिवाय वरचा रंग धरणार नाही. मग ओलीची परीक्षा. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक दिवस-एक रात्र ठेवा. आतून बाष्प धरलं तर थांबा. नाशिकला डिसेंबरनंतर भिंती बऱ्यापैकी वाळलेल्या असतात, म्हणून मी आता संक्रांतीनंतरच काम लावते. शेवाळाचे काळे डाग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा, हातमोजे घालून, आणि त्यात कधीही ॲसिड मिसळू नका. नवा गिलावा केला असेल तर त्यावर पाणी मारून महिनाभर सोडा.

हिशोब सांगते. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग दोन हातांना लिटरमागे साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो. आमची दर्शनी आणि पश्चिमेची भिंत मिळून 1,100 चौरस फूट, म्हणजे 20 लिटरची एक बादली. दुसऱ्या वेळी केलेल्या या सगळ्या कामाला 57,000 रुपये लागले. त्यात गवंडीकाम 14,000, रंग मजुरीसकट 24,000, बाकी दार, फाटक, ओट्याच्या शहाबादी फरशीचं घासकाम, दिवा आणि झाडं. शेड निवडताना गडद रंग पश्चिमेला नको, तो आपल्या उन्हात लवकर विटतो. अगदी पांढराही नको. पावसात उडणारा चिखल त्यावर लगेच दिसतो. फिकट, जरा ऊबदार छटा घ्या, खिडक्यांना दुसरा एक रंग, आणि तिथेच थांबा.

ओट्यावर 9 वॅटचा पिवळसर एलईडी लावा. पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं.

नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणत, तेव्हा झाडांविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. कंपाउंडवर बोगनवेल, कारण तिला ऊन आवडतं आणि पाणी कमी लागतं. ओट्याशी मातीच्या कुंडीत मोगरा. पण भिंतीला लागून वाफा करू नका. रोज घातलेलं पाणी जोत्यात जातं आणि आपण सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दोन-तीन फूट अंतर सोडा.

आणि कठड्यावर पिंपळ. दर व्याख्यानानंतर मला हे कुणीतरी हळूच विचारतं, कारण पिंपळाला हात लावायला मन धजत नाही. तो चार पानांचा असतानाच काढायचा असतो, पावसाळ्यात, सांधा ओला असताना. मुळाभोवतीचा चुना-सिमेंट बारीक छन्नीनं मोकळा करा, मूळ अख्खं निघालं पाहिजे. नुसती फांदी तोडली तर तो भिंतीत जाड होत जातो आणि कठडा फोडतो. निघालेलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळा, कुंडीत वर्षभर वाढवा आणि घरापासून लांब मोकळ्या जागेत लावा. आमच्या कठड्यावरचा पिंपळ गोदावरीच्या कडेला लावलेला आहे. आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय.