गळावरची गाभोळी

मंडळी, गाभोळी म्हटलं की आपल्याला तवा आठवतो. ट्राउट माशाला काय आठवतं कोण जाणे, पण सॅमनची गाभोळी वाहून येऊ लागली की तो दुसऱ्या कशाकडे बघत नाही, हे मी अमेरिकेतल्या मिशिगनच्या नद्यांवर बघत आलोय. आज तीच गाभोळी लोकरीची करून गळावर बांधून दाखवतो.

सॅमन तिथला मूळचा नव्हे. लेक मिशिगनमध्ये एलवाइफ नावाच्या बारक्या माशाचा सुळसुळाट झाला होता. त्याला खाणारं कोणी हवं म्हणून १९६६ साली प्लॅट नदीत पॅसिफिककडचा कोहो सॅमन सोडला. तो रुजला. आता शरदात सॅमन नदीत चढतात, मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते. काही अंडी निसटतात. खालच्या अंगाला ट्राउट आणि सरोवरातून नदीत चढणारे त्यांचे भाऊबंद स्टीलहेड पंगतीला बसल्यासारखे टपलेले असतात.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, लोकर बांधून केलेलं नकली खाद्य, बहुतेकदा माशी-किड्यासारखं. त्या निसटत्या अंड्याची नक्कल म्हणजे ही एग फ्लाय. काही जुने फ्लायवाले हिला फ्लाय म्हणायलाच तयार नसतात, कारण ही ना माशी, ना किडा. म्हणोत बापडे. मासा अंडी खात असताना त्याला माशी दाखवत बसणं हा आपला हट्ट झाला.

आता हाताकडे बघा. गळ आखूड दांड्याचा, बारा नंबरचा; नंबर वाढेल तसा गळ लहान होतो. तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, घट्ट धरला. दांड्यावर दोऱ्याचे थोडे वेढे दिले. दोरा केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचा, कारण साधा शिवणाचा दोरा ऐन ताणात तुटतो. ग्लो बग यार्न, म्हणजे अशा अंड्यांसाठीच मिळणारी मऊ लोकर, तिचे नारिंगी तीन पेड घेतले, वर लाल लोकरीची एक बारीक बट. सगळं दांड्यावर आडवं न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवायचं आणि बरोबर मध्यावर तीन वेढे. आता दोरा सरळ खाली ओढा. आणखी. तुटेल की काय असं वाटेपर्यंत. बघा, दोन्ही टोकं कशी उभी राहिली! इथे हात आखडला तर पुढे सगळा गोळा दांड्यावर गरगर फिरतो. दोरा लोकरीच्या पुढे आणून गाठ मारली, की बांधणं संपलं.

कापणं मात्र एकदाच. सगळी लोकर चिमटीत धरून वर ताणायची आणि बाकदार कात्रीने एका फटक्यात छाटायची. दांड्यापासून जेवढ्या उंचीवर कापाल तेवढी गोळ्याची त्रिज्या. माझे पहिले डझनभर गोळे लाडवांएवढे झाले होते! सॅमनचं अंडं फार तर वाटाण्याएवढं, ट्राउटचं ज्वारीच्या दाण्याएवढं. गोळा मोठा झाला की गळाचं टोक लोकरीत बुडतं. मासा तोंडात धरतो आणि सोडून देतो. कमी-जास्त झालं म्हणून कुरतडत बसलात तर हातात दाढीचा ब्रश येतो. त्यापेक्षा ब्लेडने सोलून नवीन बांधा.

रंग दोन तरी ठेवा. ताजं अंडं नारिंगी आणि आरपार दिसणारं, मेलेलं फिकट, दुधट. पुष्कळदा फिकटच जास्त चालतं.

तो पाण्याचा ग्लास जरा इकडे द्या. कोरडा गोळा कापसाच्या बोंडासारखा दिसतोय ना? आता बुडवतो. बघा, तंतू विरघळल्यासारखे झाले, आणि आतली लाल बट ठिपक्यासारखी वर आली.