एका अखंड कागदातून

(दृश्य : कटिंग मॅटवर पांढरा कागद. पेनासारख्या धरलेल्या सुरीचं टोक कागदात शिरतं.)

धारदार पात्याचा कागदावर आवाज जवळजवळ येतच नाही. पातं बोथट व्हायला लागलं की मात्र कागद कुरकुरतो, कडेचे तंतू उपसून येतात. डोळ्यांना दिसायच्या आधी ते कानाला कळतं आणि सराईत हात तिथल्या तिथे थांबून पातं बदलतो.

आत्ता कापली जातेय एक खिडकी. पेन्सिलीनं आखलेला हा चौकोन करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे. तीन बाजू झाल्या. चौथी नीट पाहा. कोपऱ्याशी आल्यावर पातं आखलेल्या रेघेच्या केसभर पुढे जातं. त्यामुळे दोन्ही छेद एकमेकांना पुरते मिळतात आणि तुकडा आपसूक सुटतो. तो बोटांनी ओढायचा नसतो. ओढला की कोपऱ्यात तंतू लोंबत राहतात. पात्याच्या टोकानं हलकेच उचलून बाजूला ठेवायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. गोलाई आली की सुरी वळत नाही, कागद वळतो. सुरीचा हात जवळपास एकाच जागी असतो आणि दुसरा हात त्याच्याभोवती कागद फिरवत राहतो.

(दृश्य : पूर्ण झालेलं काम उजेडासमोर धरलेलं.)

हे पेपरकट. कागदावर काही चढवायचं नाही, रंग नाही की शाई नाही. नको तो भाग काढत जायचा आणि उरलेल्यातून चित्र उभं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कागदाच्या पेपरकटला एक अट आहे, आणि त्यातली सगळी गंमत, सगळा ताप त्या अटीत आहे. कागद शेवटपर्यंत अखंड राहिला पाहिजे. चित्रातला प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्या तरी भागाला धरून असला पाहिजे.

डोळ्याचं उदाहरण घ्या. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग गोल कापून काढला, तर त्याच्याबरोबर बुबुळही खाली पडतं, कारण त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. म्हणून पापणीपासून बुबुळापर्यंत कागदाची एक बारीक पट्टी राखावी लागते. अशा पट्टीला आपण पूल म्हणू. चांगल्या कामात हे पूल डोळ्यांत भरत नाहीत. ते झाडाची फांदी होतात, केसांची बट होतात, पावसाची तिरपी रेघ होतात, पतंगाची दोरी होतात. चित्र आवडतं, आणि ते कशाच्या जोरावर उभं आहे हे बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

आता या अटीपुढे स्वतःच्या आयुष्यातला एखादा विषय आणून ठेवा.

समजा, तुम्हाला एकटेपणा कापायचाय. डोळ्यांसमोर पहिलं चित्र कोणतं येतं? मोकळ्या जागेत उभा असलेला माणूस, आसपास काही नाही. पेन्सिलीनं हे क्षणात काढता येईल. कागदात कापायला जाल, तर तो माणूस सुटून टेबलावर पडेल. या कलेत मोकळ्या जागेत कुणालाच उभं करता येत नाही. त्याला पायाखाली जमीन द्यावी लागते, किंवा टेकायला दार, किंवा शेजारी झाड, किंवा निदान त्याचीच लांबलेली सावली, जी चौकटीच्या कडेपर्यंत पोहोचेल. मग एक प्रश्न समोर येतो, जो कागद हातात घेईपर्यंत पडलेला नसतो. सगळं तुटल्यासारखं वाटत असतानाही आपण नेमके कशाला धरून उभे आहोत?

प्रश्न तंत्रातून आलेला असतो, पण उत्तरासाठी स्वतःच्या आत डोकवावं लागतं. कुणी जमीन निवडतं. कुणी दार निवडतं, आणि मग ते दार उघडं ठेवायचं की बंद, यावर अडून बसतं. मनातलं काही हाताच्या कामातून शोधायचं असेल, तर मला हे माध्यम सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, ते यामुळेच. इथे मोघम बोलून भागत नाही. पातं एक तर कागदात शिरतं, नाही तर शिरत नाही.

गेलेल्या माणसाची आठवण कापायची असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे माणूस ठेवायचा आणि भोवतालचं काढायचं. दुसरी याच्या उलट : खुर्ची, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचा तेवढा आकार कापून काढायचा. मग त्या जागी जे काही मागे असेल तेच दिसतं. कागद निळ्या भिंतीवर लावला तर माणूस निळा, खिडकीच्या काचेला लावला तर दिवसभरात उजेड बदलेल तसा माणूसही बदलतो.

दुसरी वाट तशी सोपी, कारण रिकाम्या जागेला पुलांची गरज नसते. पण करायला बसलं की खरी अडचण कळते. त्या माणसाला जे जे टेकलेलं होतं, त्या सगळ्याचा आधार जातो. खांद्यावर ठेवलेला हात, मांडीवर झोपलेलं मांजर, त्याच्या हातात हात दिलेलं मूल. या सगळ्यांना आता दुसरीकडे कुठे तरी जोडून घ्यावं लागतं. कुठे, ते कापणाऱ्यानं ठरवायचं.

(दृश्य : जुन्या पेपरकटांची छायाचित्रं, एकामागून एक.)

कागदाची घडी घालून नक्षी कापण्याची कला जुनी आहे. चीनमध्ये तुर्फानजवळ अस्ताना इथल्या थडग्यांत सहाव्या शतकातले गोलाकार पेपरकट मिळाले आहेत. 2009 मध्ये युनेस्कोनं चिनी पेपरकट कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. पोलंडच्या खेड्यांत मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कात्रीनं फुलं आणि कोंबडे कापले गेले. मेक्सिकोत पातळ कागदांची चळत रचून छिन्नी-हातोडीनं ती एका दमात कापतात. यातली एकेक परंपरा स्वतंत्र माहितीपटाची धनी आहे. आपण मात्र इथे थांबू या त्या माणसांपाशी, ज्यांनी कागदात स्वतःचं काही शोधलं.

हान्स ख्रिश्चन अँडरसन जगाला परीकथांमुळे ठाऊक आहे. हा माणूस लोकांना गोष्ट सांगता सांगता घडी घातलेल्या कागदावर भली मोठी कात्री चालवायचा आणि गोष्ट संपली की घडी उलगडून दाखवायचा. त्याच्या पेपरकटांत रंगमंच, नर्तकी, हंस पुन्हा पुन्हा येतात. मधूनच फासावर लटकलेला माणूसही दिसतो. अँडरसनचे वडील चांभार होते. त्यांनी मुलासाठी खेळण्यातलं नाटकघर करून दिलं होतं. वयाच्या चौदाव्या वर्षी रंगभूमीवर नाव काढायला तो कोपनहेगनला गेला, पण नट म्हणून किंवा नर्तक म्हणून त्याचा जम बसला नाही. त्यानं कापलेले ते इवले रंगमंच बघताना वडिलांनी केलेलं खेळणं आणि हुकलेली रंगभूमी, दोन्ही मला एकत्र दिसतात. हा माझा अर्थ. त्यानं स्वतः गोष्ट सांगितली आणि कागद समोरच्या मुलाच्या हातात दिला.

स्वित्झर्लंडचा योहान याकोब हाउस्विर्थ मोलमजुरी करत गावोगाव फिरणारा माणूस. जन्म 1809 चा, मृत्यू 1871 मधला. त्याची बोटं इतकी जाड होती की कात्रीच्या कड्यांत मावत नसत, म्हणून त्यानं कात्रीला तारेचे मोठे फासे जोडून घेतले होते, असं सांगतात. डोंगरावरच्या कुरणांकडे निघालेल्या गाईंच्या रांगा त्यानं कापल्या. रोज बघितलेलं जग, तेवढंच.

आणि कू शूलान. तिच्यापाशी थोडं जास्त थांबायला हवं.

चीनच्या शाआन्शी प्रांतात, शुन्यी नावाच्या तालुक्यात 1920 मध्ये जन्मलेली ही बाई. गरिबी, नवऱ्याची मारहाण, एकामागून एक दगावलेली मुलं, असं तिचं आयुष्य. 1980 च्या दशकात ती कड्यावरून पडली आणि बरेच दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली ती वेगळीच होऊन. आपण म्हणजे पेपरकटची देवी आहोत, असं ती सांगू लागली, आणि त्या देवीची चित्रं करू लागली. रंगीत कागदाचे बारके बारके तुकडे कापून, एकावर एक चिकटवून केलेली मोठमोठी चित्रं. मधोमध ऐसपैस बसलेली देवी, गोल चेहरा, टक्क उघडे डोळे, भोवती फुलं, पक्षी, सूर्य. काम करताना ती गाणी म्हणायची. ज्या घरात तिला मान नव्हता त्याच घराच्या भिंतीवर तिनं ही राणीसारखी बाई बसवली. तिची चित्रं एकसंध कागदाची नाहीत, सुट्या तुकड्यांची आहेत, आणि तिच्या आयुष्याकडे बघता तेच योग्य वाटतं. 2004 मध्ये ती गेली, तोवर तिचं नाव देशाबाहेरही पोहोचलं होतं.

(दृश्य : पांढऱ्या भिंतीवर काळ्या कागदाच्या, माणसाएवढ्या छायाकृती.)

कारा वॉकर ही अमेरिकी चित्रकर्ती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांतल्या लोकांच्या चेहऱ्यांच्या छायाकृती काळ्या कागदातून कापून भिंतीवर लावायची पद्धत होती. वॉकरनं तेच सभ्य, गोंडस तंत्र उचललं आणि 1994 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरीच्या काळातली हिंसा भिंतभर मांडली. लांबून कडा नाजूक, झगे घेरदार. जवळ गेल्यावर काय चाललंय ते कळतं आणि बघणारा अवघडतो. काळ्या छायाकृतीत सगळेच काळे असतात, मालकही आणि गुलामही. मग कोण कोण आहे हे आपण ओठांच्या, नाकाच्या, कपड्यांच्या रेघेवरून ठरवतो. तसं ठरवताना आपलीच नजर उघडी पडते. वैयक्तिक विषय घराच्या चार भिंतींत राहत नाही, तो इतिहासापर्यंत जातो, हे तिच्या कामात लख्ख दिसतं.

(दृश्य : पुन्हा टेबल. पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, पात्यांची डबी.)

स्वतः करून बघायचं असेल तर दुःख, आशा, स्वातंत्र्य असल्या शब्दांपासून सुरुवात करू नका. ते कापता येत नाहीत. वस्तू घ्या. एक चष्मा, एक किल्ली, जिन्याच्या पायऱ्या, शिवणयंत्र. तुमच्या मनात जे आहे ते वस्तूमागोमाग येतंच.

चित्र रेघांनी काढू नका, भरीव काढा. काय राहणार ते काळं करा, काय जाणार ते कोरं ठेवा. कोऱ्या भागाच्या मधोमध एखादं काळं बेट दिसलं की समजा, तिथे पूल हवाय. चित्र कागदाच्या मागच्या बाजूला उलटं उतरवा, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा पुढून दिसणार नाहीत. अक्षरं असतील तर आरशात दिसतात तशी. कागद 120 ते 160 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) बरा : फार पातळ असला तर पुलांत दम राहत नाही, फार जाड असला तर बोटं दुखतात. आधी आतले बारीक तुकडे, मग मोठे, बाहेरची कड सगळ्यांत शेवटी. मोठी भोकं आधी पाडली तर कागद लुळा पडतो आणि बारीक काम करताना सरकतो. जुनी पाती झाकणाच्या डबीत, कधीही उघडी केरात टाकायची नाहीत. मान अवघडली की उठा.

एखादा पूल तुटतो. मागून कागदाची चिकटपट्टी लावून तो सांधता येतो, पुढून कळतही नाही. काही जण मुद्दाम तसाच ठेवतात. मला विचाराल तर हे त्या पुलाच्या दोन टोकांना काय आहे त्यावर ठरवावं. फांदी असेल तर सांधा. दोन माणसांमधला पूल असेल तर थोडं थांबून बघा.

लेझर यंत्र हेच काम झटक्यात आणि अचूक करतं. लग्नपत्रिकांसाठी ते छानच आहे. पण हातानं कापताना प्रत्येक तुकड्यापाशी पातं एक क्षण थांबतं. हा काढू की ठेवू, हा विचार शेवटपर्यंत चालू राहतो आणि ठरलेलं चित्र अर्ध्या वाटेत बदलतं. स्वतःचा विषय घेऊन बसलेल्या माणसाला तो थांबाच हवा असतो.

कापून झालेला कागद तुम्ही जपालच. त्याबरोबर पेन्सिलीचं कच्चं चित्रही ठेवा. काही काळानं तोच विषय पुन्हा घ्या, जुनं न बघता नव्यानं काढा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फक्त पूल कुठे कुठे आहेत ते तपासा. पहिल्या वेळी आईची आकृती दाराच्या चौकटीला जोडलेली असेल, दुसऱ्या वेळी कदाचित तुमच्या खांद्याला. तिसऱ्यांदा बसाल तेव्हा कागद थोडा मोठा घ्या. तोवर सांगायचं बहुधा वाढलेलं असतं, आणि लहान कागदात इतके पूल नीट बसत नाहीत.