चाळीस विद्यार्थी आणि रोमची दारं

श्रोतेहो, नमस्कार.

वास्तुकलेच्या, चित्रकलेच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत रोमला जायचं एखाद्या महाविद्यालयात ठरलं असेल, तर आजचं बोलणं त्या सहलीची आखणी करणाऱ्यांसाठी आहे. चाळीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक असा त्रेचाळीस जणांचा गट आपण धरून चालू.

जुनं रोम पायी फिरण्याजोगं आहे. कोलोसियमपासून पँथिऑन हे प्राचीन मंदिर दीड-पावणेदोन किलोमीटर, पँथिऑनपासून नव्होना चौक पाच मिनिटं, ट्रेव्हीच्या कारंज्यापासून स्पॅनिश पायऱ्या दहा मिनिटं. त्यामुळे गटाचा वेळ रस्त्यावर फारसा जात नाही, दारात जातो. सुरक्षा तपासणी, तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट ताडून पाहणं, पिशव्या जमा करणं, स्वच्छतागृह, हजेरी. दोघा जणांचं जे काम दहा मिनिटांत होतं, त्याला त्रेचाळीस जणांना तासभर लागू शकतो. प्रवासी कंपन्यांच्या कागदावर एका दिवसात कोलोसियम, व्हॅटिकन आणि पँथिऑन अशी तीन नावं सुखाने नांदतात. प्रत्यक्षात तिसऱ्याला बाहेरूनच नमस्कार करावा लागतो. म्हणून दिवसाला वेळेच्या तिकिटाचं मोठं दार एकच ठेवा. बाकीचा दिवस चौक, कारंजी, पूल आणि चर्च यांना द्या. तिथे आरक्षण लागत नाही, आणि रोमचं निम्मं वैभव तिथेच आहे.

आता तयारी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसह अनेक युरोपीय देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. त्रेचाळीस जणांच्या बोटांच्या ठशांसाठी एका दिवसाची वेळ मिळेल असं धरू नका. नोव्हेंबरच्या सहलीचे अर्ज ऑगस्टमध्ये गेलेले बरे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा ३०,००० युरोंचा लागतो. आणखी एक गोष्ट फारशी कोणी विचारत नाही. मोठ्या माणसाची व्हिसा फी ९० युरो आहे, पण अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या व्हिसा नियमांतच आहे. ‘शैक्षणिक सहल’ एवढंच लिहिलेलं पत्र त्यासाठी पुरेल असं नाही. कोणत्या विषयाचा अभ्यास, कोणत्या दिवशी कुठली वास्तू, अभ्यासक्रमाशी तिचा संबंध काय, हे महाविद्यालयाच्या पत्रात स्पष्ट हवं. निर्णय अर्थातच वकिलातीचा. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं असतं.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा खास. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. वर्गाच्या हजेरीपटावर मात्र आडनाव आधी येतं, किंवा वडिलांचं नाव गाळलेलं असतं. कोलोसियमची तिकिटं ऑक्टोबर २०२३ पासून नावानिशी मिळतात आणि दारात ओळखपत्र तपासलं जातं. म्हणून विमान, हॉटेल आणि तिकिटं या सगळ्यांसाठी एकच यादी वापरा आणि ती हजेरीपटावरून न करता पासपोर्टवरून उतरवून काढा.

खर्च मांडताना दोन रकमा हमखास सुटतात. एक म्हणजे शहराचा मुक्काम कर. तो हॉटेलच्या दर्जानुसार माणशी, रात्रीमागे असतो आणि बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. तीन तारांकित हॉटेलात तो ६ युरो आहे. म्हणजे त्रेचाळीस जणांचे चार रात्रींचे १,०३२ युरो. ते पहिल्याच संध्याकाळी काउंटरवर मागितले जातात. दुसरी रक्कम तिकिटांची. कोलोसियमला अठरा वर्षांखालच्या कोणालाही प्रवेश मोफत आहे. पण अठरा ते पंचवीस वयासाठीचं २ युरोंचं सवलतीचं तिकीट फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळतं. आपल्या महाविद्यालयाचं ओळखपत्र तिथे चालत नाही, पूर्ण तिकीट १८ युरोंचं. व्हॅटिकनच्या संग्रहालयात उलट आहे. पंचवीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला सवलत मिळते, मग तो कुठल्याही देशाचा असो. तिथे ओळखपत्र जवळ हवंच.

विमान थेट नसेल, आणि फ्रँकफर्ट किंवा पॅरिससारख्या शेंगेन देशातल्या विमानतळावर बदलायचं असेल, तर पासपोर्टची तपासणी रोमला न होता तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती वेळ खाते. त्रेचाळीस जणांसाठी दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी अंतर घेऊ नका.

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकाला ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ ३२ मिनिटांत नेते, माणशी १४ युरो. गटाला भाड्याची बस स्वस्त आणि सोयीची पडते. मात्र शहराच्या आतल्या भागात पर्यटकांच्या बसना परवाना लागतो. तो भाड्यात धरला आहे का आणि बस हॉटेलपासून किती अंतरावर सोडणार, हे आधी लेखी घ्या. चाकांची बॅग रोमच्या काळ्या दगडी फरसबंदीवरून अर्धा किलोमीटर ओढणं म्हणजे सहलीच्या सुरुवातीलाच एखाद्या बॅगेचं चाक गमावणं. खोल्या दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाहीत, तेव्हा सामान हॉटेलात ठेवून पहिला दिवस चौकांचा करा.

त्या दिवशी स्पॅनिश पायऱ्या, ट्रेव्ही, पँथिऑन, नव्होना या क्रमाने चाला. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड २५० युरोंच्या घरात जातो आणि पोलीस शिट्टी वाजवतात. ट्रेव्हीच्या काठाशी उतरायला फेब्रुवारी २०२६ पासून २ युरोंचं तिकीट आहे. वरच्या चौकातून पाहायला काही पडत नाही. हे कारंजं पूर्ण झालं १७६२ मध्ये, पण त्याला पाणी पुरवणारा ‘अ‍ॅक्वा व्हिर्गो’ हा जलमार्ग सम्राट ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पा याने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधला. विद्यार्थ्यांना आधी हे सांगा, मग छायाचित्रं काढू द्या.

पँथिऑनला तिकीट आहे, पण रांग झपाट्याने सरकते, म्हणून पहिल्या दिवशी एवढं दार चालेल. इथे मात्र घाई करू नका. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इथे तुलनेला चांगलं साधन आहे. गोल घुमट विटा-चुन्याचा, १६५६ चा. पँथिऑनचा घुमट त्याच्या जवळजवळ दीड हजार वर्षं आधीचा, सम्राट हेड्रियनच्या काळातला आणि काँक्रीटचा, तेही आत लोखंडी सळी नसलेलं. व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्याच्या छिद्रापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक पूर्ण गोल बसतो. तो टिकला कसा, हे कागदावर काढायला लावा. तळाशी भिंत सहा मीटरहून जाड, वर छिद्राजवळ जेमतेम सव्वा मीटर. खालच्या काँक्रीटमध्ये जड दगडाची खडी, वर सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड. त्यात पाच ओळींत अठ्ठावीस-अठ्ठावीस चौकोनी खोबणी, त्यांनीही वजन कमी होतं. छिद्रातून पाऊस थेट आत येतो आणि जमिनीतल्या बारीक भोकांतून वाहून जातो. नोव्हेंबर हा रोमचा पावसाचा महिना, तेव्हा हे प्रत्यक्ष दिसण्याचा योग आहे.

तिथून नव्होनाकडे जाताना सान लुईजी देई फ्रान्चेझी हे चर्च लागतं. आत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, प्रवेश मोफत. कोपरा अंधारा असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो, म्हणून शिक्षकांनी खिशात सुटी नाणी ठेवावीत. रोममधली बरीच चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चार बंद असतात. कोलोसियमजवळच्या सान पिएत्रो इन व्हिन्कोलीमध्ये मायकेलँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, तो याच कारणाने अनेक गटांचा हुकतो. तो सकाळी आधी पाहा.

कोलोसियमच्या दिवशी ऋतूचं भान हवं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि मग कोलोसियम साडेचारला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेतीनला. उन्हाळ्याच्या वेळापत्रकावरून केलेली आखणी इथे फसते. सकाळची वेळ घ्या, अर्धा तास आधी पोहोचा. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटिन टेकडी येते. त्यासाठी दोन-अडीच तास ठेवा, आणि टेकडीवरून आधी संपूर्ण फोरम दाखवा, मग खाली उतरा. खाली गेल्यावर पडके खांब कुठले कुठे, ते कळत नाही. महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो. त्या दिवशी गट घेऊन तिकडे फिरकूही नका.

व्हॅटिकनसाठी बुधवार टाळा. त्या सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात आणि सेंट पीटर्स या तिथल्या मोठ्या चर्चचं दार उशिरा उघडतं. रविवारी संग्रहालय बंद असतं, फक्त महिन्यातला शेवटचा रविवार वगळून. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलग्यांचेही. संग्रहालयात गटाला मार्गदर्शकाचं बोलणं ऐकण्याची कानातली यंत्रं सक्तीची आहेत. सिस्टिन चॅपेलमध्ये बोलायला आणि छायाचित्रं काढायला मनाई आहे. म्हणून मायकेलँजेलोने रंगवलेल्या छताचं (१५०८ ते १५१२) आणि वेदीमागच्या ‘अंतिम निवाड्या’चं (१५३६ ते १५४१) सगळं विवेचन आधी अंगणात, तिथल्या फलकांसमोर उरका. चॅपेलमधून थेट सेंट पीटर्सकडे जाणारं गटांचं दार कधी उघडं असतं, कधी नसतं. त्याच्या भरवशावर राहू नका. भिंतीला वळसा घालून वीस मिनिटं आणि पुन्हा एकदा तपासणीची रांग, असा हिशेब करा. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच, आणि वरचा जिना अरुंद व तिरका आहे. दम्याच्या किंवा बंद जागेची भीती असलेल्या विद्यार्थ्यांना खालीच एका शिक्षकाबरोबर थांबवा. अर्ध्या वाटेवरून मागे फिरणं जवळपास अशक्य आहे.

चौथ्या दिवशी बहुतेक गट दुकानांत पांगतात. त्यापेक्षा ओस्तिया आन्तिकाला जा. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागूनच गाडी सुटते, अर्ध्या तासात पोहोचते आणि शहराचं साधं दीड युरोचं तिकीट चालतं. प्राचीन रोमचं हे बंदर. दुकानं, स्नानगृहं, नाट्यगृह, मजली चाळींचे अवशेष आणि व्यापाऱ्यांच्या चौकातली जहाजांची मोझेक. साधी माणसं कशी राहत होती, हे फोरमपेक्षा इथे जास्त कळतं. सोमवारी बंद.

मेट्रोत गट तुटतो, हे गृहीत धरा. दहा-दहाच्या चार तुकड्या, प्रत्येकीला एक प्रमुख, सर्वांत मागे कायम एक शिक्षक. नियम एकच: गाडीत चढलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावर थांबायचं, राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडून तिथेच यायचं. एका बँक कार्डावर सगळ्यांना आत घेता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं तिकीट लागतं. बसमध्ये ते यंत्रात टाकून शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड. संप बऱ्याचदा शुक्रवारी असतात. तेव्हाही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या चालवणं बंधनकारक असतं. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, ती गटाने घेऊच नये.

शाकाहाऱ्यांची काळजी थोडी बारकाईने करावी लागते. वजनावर विकला जाणारा चौकोनी पिझ्झा सर्वांत सोयीचा, माणशी अडीचशे-तीनशे ग्रॅम पुरतो. ‘मारिनारा’वर चीज नसतं, पण लसूण असतो. ‘बियांका’ म्हणजे नुसतं तेल-मीठ. ‘सुप्ली’ नावाचे तळलेले भाताचे गोळे बटाटेवड्यासारखे दिसतात, पण आत बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. ‘कार्बोनारा’ आणि ‘अमात्रिचाना’ या पास्त्यांमध्ये डुकराचं मांस. ‘काच्यो ए पेपे’ या चीज-मिऱ्याच्या पास्त्याला शाकाहारी म्हणतात, पण त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या विरजणाने बनतं. पार्मेझानचं विरजण वासराचं. काटेकोर शाकाहारी विद्यार्थ्यांना हे निघण्यापूर्वी सांगून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नाझोनी’ नावाचे सतत वाहणारे लोखंडी नळ आहेत, जवळपास अडीच हजार. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते आणि पिता येतं.

पासपोर्ट हरवला, तर आधी पोलिसांत लेखी तक्रार, मग तिची प्रत घेऊन व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवरच्या भारतीय वकिलातीत. तातडीचं प्रवासपत्र तिथे मिळतं. शनिवार-रविवारी कामकाज बंद, म्हणून परतीचं विमान सोमवारी पहाटेचं ठेवू नका. प्रत्येक पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत व दोन छायाचित्रं एका शिक्षकाच्या पाकिटात वेगळी असू द्या. आणि तो शिक्षक घुमटावर न चढणारा निवडा.

नमस्कार.