लंडनहून आलेली खात्रीलायक बातमी

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

मंडळी, नमस्कार. तिळगूळ घ्या. गोड बोलणं मात्र आज मला कितपत जमेल, शंकाच आहे. गेल्या रविवारी आमच्या घरी भांडण झालं आणि त्यात मी हरलो.

आमची लेक पंधरा वर्षांची. लायब्ररीत जाते म्हणून निघाली आणि मैत्रिणीकडे गेली. मला कळलं. मग मी तुम्हा-आम्हा सगळ्या बापांचं ते पाठ भाषण सुरू केलं: चूक होते गं, पण खोटं बोललं तर निदान कबूल करावं माणसानं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तू कराचीचं डिलीट केलंस. सॉरी कुठे म्हणालास?"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसणं ऐकू आलं. 

कराचीचं म्हणजे कशाचं, ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण ते मी आपल्याच ग्रुपवर टाकलं होतं. गेल्या वर्षीचा, म्हणजे 2025 चा 8 मे, गुरुवार. इथे इंग्लंडमध्ये संध्याकाळचे साडेसात, तिकडे भारतात मध्यरात्र. ऑपरेशन सिंदूरचा दुसरा दिवस. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात 26 माणसांचा जीव गेला होता; त्यांत डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. डोकी तापलेलीच होती. आमच्या टीव्हीवर मराठी चॅनेल, आणि त्यावरचे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे एवढे मोठ्यानं की शेजारचे म्हातारे गोरे आजोबा दार वाजवून विचारून गेले, तुमचा स्मोक अलार्म वाजतोय का म्हणून. (दोन दिवसांनी सरकारनंच चॅनेलवाल्यांना सांगितलं, ते भोंगे कार्यक्रमात वाजवू नका.)

तेवढ्यात ठाण्याहून दादाचा व्हिडिओ आला. आगीचे लोळ, पळापळ, खाली मजकूर: आपल्या नौदलानं कराची बंदर उडवलं. वर ती दुहेरी बाणाची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून मळून आलेला. मला शंकाही आली नाही. येणार कशी? 1971 साली 4 डिसेंबरच्या रात्री निर्घात, वीर आणि निपात या आपल्या बोटींनी कराचीवर खरोखरच हल्ला केला होता. केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या. वडिलांनी ती बातमी गिरगावात, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या खोलीत रेडिओवर ऐकली होती, आणि आम्हाला ती दर नौदल दिनाला ऐकावी लागायची. माझ्या डोक्यात कराची बंदर लहानपणापासून पेटलेलंच आहे. व्हिडिओ नुसता निमित्ताला आला.

मी टाळी वाजवली. अक्षरशः, एकट्यानं, सोफ्यावर बसून. तीन ग्रुपवर टाकला आणि साताऱ्याला आईला पाठवला.

जेवताना लेकीनं फोन मागितला. बघितलं आणि म्हणाली, "बाबा, गाड्या उजवीकडून चालल्यात."

म्हटलं, मग?

"पाकिस्तानात डावीकडून चालवतात ना? इंडियासारखं?"

मग तिनं व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढला आणि गूगल लेन्समध्ये टाकला. तेच गूगल लेन्स माझ्याही फोनमध्ये आहे. मी त्याचा उपयोग आजवर कढीपत्त्यावरची कीड ओळखायला केला. वरणभात निवायच्या आत निघालं फिलाडेल्फिया. 2025 च्याच जानेवारीत तिथे रुग्णाला घेऊन जाणारं एक छोटं विमान वस्तीत कोसळलं होतं, त्याची आग. म्हणजे मी टाळी कुणाच्या मरणावर वाजवली, बघा.

आणि मी काय केलं? तिन्ही ग्रुपवरून डिलीट फॉर एव्हरीवन. करड्या अक्षरांतली एक ओळ मागे राहिली. तिच्याखाली आपल्यातल्या चौघांनी टाकलेले तिरंगे तसेच फडकत राहिले. 11 मे रोजी व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकारांना सांगितलं, की कराचीसकट ठरवलेल्या ठिकाणी मारा करायच्या पूर्ण तयारीत नौदल होतं. तयारीत होतं, म्हणजे केला नव्हता. हे मी वाचलं, पण ग्रुपवर टाकलं नाही. खरं सांगू? आगीपुढे ते जरा मिळमिळीत वाटलं.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "अरे, ते कराचीचं पक्कं आहे हं! साताऱ्याहून सासूबाईंचा फोन होता, त्यांच्याकडे लंडनहून खात्रीलायक बातमी आलीय." आता मी काही लंडनला राहत नाही, पण आईच्या लेखी इंग्लंड म्हणजे लंडन. दादानं मला, मी आईला, आईनं तिच्या भजनी मंडळाला, तिथून दादाच्या सासूबाईंना. ठाण्याहून निघालेला माल ठाण्यात परत पोचला. जाताना देशी, येताना इम्पोर्टेड.

मंडळी, रागावू नका, पण हे आपल्या सगळ्यांचं आहे. मिक्सर घ्यायचा तर आपण पन्नास रिव्ह्यू वाचतो. शाळेच्या सहलीची चिठ्ठी तीनदा वाचतो. आणि दोन अण्वस्त्रवाल्या देशांच्या लढाईची बातमी 'आलं तसं पाठवतोय' म्हणून ढकलतो, वर गावाकडे आपला शब्द परदेशी शिक्क्यानं चालतो. शिक्का कुणी दिला आपल्याला?

पलीकडेही तेच. त्यांचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी त्यांच्या सिनेटमध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं पाकिस्तानी हवाई दलाचं कौतुक केल्याचं सांगितलं, आणि ते पानच बनावट निघालं. मी पोट धरून हसलो. लेक म्हणाली, "त्यांचं त्यांच्याच 'डॉन' वर्तमानपत्रानं पकडलं. तुझं मी."

त्याच दिवसांत पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याचा एक व्हिडिओ फिरला, दोन विमानं पडल्याची कबुली देणारा. चेहरा त्यांचा, बोलणं यंत्रानं घडवलेलं. डीपफेकला मराठीत काय म्हणतात, असं लेकीनं विचारलं. म्हटलं, तोतया. मग तिला भाऊसाहेबांचा तोतया सांगितला. संक्रांतीला पानिपत झालं, भाऊ पडले, पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही, आणि कुणीतरी उभा राहून म्हणाला, मीच भाऊ. 1776 साली त्याच्यामागे कोकणात हजारो माणसं गेली, किल्ले त्याच्या हाती आले. विश्वास पानिपतात गेला असं आपण म्हणतो खरं; पण पंधरा वर्षांनी तोतयावर ठेवण्यापुरता शिल्लक होता. भाऊ परत यायला हवे होते सगळ्यांना. मला कराची हवी होती.

रविवारच्या भांडणाचं एक राहिलं. ज्या मैत्रिणीकडे ती गेली होती, तिची आजी कराचीला असते. त्या गुरुवारी रात्री त्या घरातली माणसं फोन लावत बसली होती आणि फोन लागत नव्हता. मी लेकीला विचारलं, मैत्रिणीकडे जातेय असं सरळ का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू टाळी वाजवलीस ना तेव्हा."

तर मंडळी, 8 मे रोजी मी आपल्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ खोटा होता. चुकलो. आठ महिने उशीर झाला.

सोमवारी आईलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे रे. पण मग आत्ता सांगतोयस ते तरी खरं कशावरून?" मी गाड्यांचं सांगितलं, उजवीकडून चालल्या होत्या म्हणून. "त्यात काय," म्हणाली, "साताऱ्यात दोन्हीकडून चालतात." मी हसलो. ती हसली नाही. थोडं थांबून म्हणाली, "मी मंडळात आता सांगू कशी? त्यातल्या दोघी तर गेल्या रे मधल्या काळात."