जंगलाचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या भागातील कलावंतांच्या आणि गावासाठी झटणाऱ्या माणसांच्या मुलाखती मी काही वर्षांपासून या केंद्रासाठी घेत आहे. त्या कशा घेतो, हे सांगण्यासाठी आज मला दहा मिनिटे मिळाली आहेत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. आपल्यासारख्या सामुदायिक केंद्रांचे दार मात्र स्वयंसेवी संस्थांसाठी २००६ च्या धोरणाने उघडले. अशा केंद्राच्या प्रक्षेपणाला साधारणपणे शंभर वॅटची मर्यादा असते, त्यामुळे आवाज थोड्याच गावांपर्यंत पोहोचतो. बोलणारा आणि ऐकणारा एकाच आठवडी बाजारात भाजी घेतात. मुलाखतीत कोणी थाप मारली, तर तिचा हिशेब पुढच्या बाजारी होतो.

म्हणून मी एकच पथ्य पाळतो. माणसाला त्याच्या कामाच्या जागी गाठावे आणि प्रश्न लहान विचारावा. पुन्हा सांगतो, कामाच्या जागी आणि लहान प्रश्न. हे मला नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका वृद्ध कलावंताने शिकवले.

पूर्व विदर्भातल्या या आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांविषयी आपल्याला मी काय सांगावे? धान घरात आले की वडसा गावच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात आणि आपण घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतो. हे गृहस्थ हिवाळ्यात पडदे रंगवीत आणि पावसाळ्यात गावच्या मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे, तुडूम (पाणी सोडायचे दार) सांभाळीत. पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी जावे, यावरून होणारी भांडणे त्यांच्याच ओट्यावर मिटत. मी त्यांना केंद्रावर बोलावले आणि कागदावर चौदा प्रश्न लिहून आणले. कलेची आवड कधीपासून, असे विचारले. “लहानपणापासून.” गुरू कोण? “वडील.” नव्या पिढीला काय सांगाल? ते पंख्याकडे पाहत राहिले. सहा मिनिटांत चौदा प्रश्न संपले. जाताना ते म्हणाले, “रेडिओवर पडदा दिसणार कसा जी?”

दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. अंगणात चुलीवर, काठ चेपलेल्या डबड्यात सरस वितळत होता, आणि त्याच्या वासाने कुत्रेही लांब बसले होते. त्यांनी पत्र्यावर हिरवी पूड घेतली, तीत गरम सरस ओतला, काडीने घोटला आणि ब्रश कापडावर टेकवला. कोऱ्या मांजरपाटावर ओल्या ब्रशाचा आवाज सुपात धान पाखडल्यासारखा येतो. मी फक्त एवढेच विचारले, “हे झाड कशाचे?”

मग ते अर्धा तास बोलले. तरुणपणी त्यांनी एका कॅलेंडरवरून जंगलाचा पडदा रंगवला होता, त्यात उंच देवदार आणि मागे बर्फाचा डोंगर होता. प्रयोगात नायक लाकडे तोडायला निघाला आणि समोर बसलेली एक म्हातारी उठून ओरडली, “ह्या रानात मोहाचा झाड कोठी आहे जी?” सगळा मंडप हसला. नायकही हसला आणि संवाद विसरला. अंक संपताच यांनी पडद्यामागे कंदील धरून, बर्फाच्या डोंगरावरच मोह काढला. रंग ओला असल्याने तो पुढच्या अंकात ओघळत होता. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक जंगलात डावीकडे मोह असतो आणि त्याखाली एक टोपली असते. (हल्ली फ्लेक्सवर छापलेले पडदे येतात. त्यांवर कोणाच्याही रानातली झाडे असतात, आणि दिवा पडला की ती ताटासारखी चमकतात. मला ते मुळीच आवडत नाहीत.)

गावच्या नाटकाचा पडदा ते फुकट रंगवीत, पण तिकिटाच्या शिलकीतून तुडूम दुरुस्त करावे, ही अट मंडळाकडून आधी कबूल करून घेत. ही गोष्ट माझ्या चौदा प्रश्नांत कोठेच नव्हती. ती एका झाडाच्या प्रश्नातून आली.

शाळामास्तर, भजनी मंडळातील बाया, ग्रंथालय चालवणारा सायकल दुरुस्तीवाला, या सर्वांना मी नंतर असेच गाठले आणि त्यांतल्या बऱ्याच मुलाखती चांगल्या झाल्या. दोन फसल्या, कारण शेजारी धानाची मळणी चालू होती.

पडद्यांच्या त्या मुलाखतीत ब्रशाचा आवाज मी पूर्ण एक मिनिट ठेवला होता. प्रसारणानंतर वृद्ध कलावंतांचा फोन आला. बोलणे बरे झाले, असे ते म्हणाले, पण एक चूक राहिली: मी लावलेला आवाज जंगलाचा नव्हता, नंतर घेतलेल्या रस्त्याच्या पडद्याचा होता. जंगल रंगवताना ब्रश इतका सरळ चालत नाही.