बघणारी मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की काही घरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते. रविवारी संध्याकाळपर्यंत हुंदडणारं मूल सोमवारी सकाळी पोट धरून बसतं. ताप नसतो, डॉक्टर तपासून सगळं ठीक आहे म्हणतात. पट्टी हरवते, नवी कंपासपेटी आणली तर तीही हरवते. मूल शाळेतून उपाशी घरी येतं, कारण डबा दुसऱ्याच कुणीतरी फस्त केलेला असतो. आपण रागावतो, ‘तुला तुझ्या वस्तू सांभाळता येत नाहीत का?’ आणि मूल गप्प बसतं.

आज या गप्प बसणाऱ्या मुलाविषयी बोलायचं आहे. आणि त्याहून जास्त, त्याच्या आजूबाजूच्या बाकांवर बसणाऱ्या मुलांविषयी.

मुलं भांडतात, कट्टी घेतात, दुसऱ्या दिवशी बट्टी करतात. त्यात मोठ्यांनी पडू नये हे खरंच. पण एकाच मुलाला रोज लक्ष्य केलं जातं, त्रास देणारी मुलं अंगाने, संख्येने किंवा वर्गातल्या वजनाने त्याच्यापेक्षा भारी असतात आणि त्याला उलटून काही करता येत नाही, तेव्हा ते भांडण उरत नाही. ती दादागिरी असते. कारण काहीही पुरतं: रंग, जाडेपणा, चष्मा, बोलताना अडखळणं, आडनाव, वडिलांचं काम. गावाकडून शहरातल्या शाळेत आलेलं मूल ‘पानी’ म्हणालं एवढ्यावरून वर्षभर त्याची नक्कल चालते. आपल्या समाजातल्या सगळ्या उतरंडी मुलं आपल्याच घरांतून ऐकतात आणि वर्गात वापरतात. हे मला फार टोचतं.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास पहिल्यांदा केला तो डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञांनी, १९७०च्या दशकात, स्वीडन आणि नॉर्वेत. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९८२ मध्ये नॉर्वेच्या उत्तर भागात तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने देशभरातल्या शाळांसाठी मोहीम हाती घेतली. तीन कोवळी मुलं गेल्यावर.

त्यानंतरच्या संशोधनातला एक अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅनडात, टोरंटोमधल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी कॅमेरे लावले, मुलांच्या अंगावर छोटे माइक लावले. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दादागिरीच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यांतलं कुणी मध्ये पडलं, असे प्रसंग पाचात जेमतेम एक. पण जिथे एखादं मूल मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद, श्रोतेहो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाईंना तिथवर पोचायलाही याहून जास्त वेळ लागतो.

त्रास देणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. हसणारी दोन-तीन मुलं मिळाली की त्याला जोर चढतो, आणि जी नुसतीच बघतात त्यांच्या गप्प राहण्यालाही तो संमतीच समजतो. बघणाऱ्या मुलांना हे आवडतं असं नाही. ‘मी बोललो तर उद्या माझा नंबर’ ही त्यांची भीती खरी असते, म्हणून त्यांना नुसता उपदेश करून भागत नाही.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना सालमिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, तो या बघणाऱ्या मुलांना धरूनच. तिथे वर्गात या विषयाचे तास होतात. एखादा प्रसंग कळला की त्रास देणाऱ्यांशी शिक्षक वेगवेगळं बोलतात. त्याचबरोबर वर्गशिक्षक, ज्यांचं वर्ग ऐकतो अशा दोन-चार मुलांना बोलावून सांगतात की, याच्या सोबत राहा. डबा खाताना बोलवा, खेळात घ्या, त्याच्या शेजारी बसा. याला पैसे लागत नाहीत. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही उद्यापासून करता येईल असं हे काम आहे.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं? दोघांना समोरासमोर उभं करतात, ‘सॉरी म्हण, हात मिळव’ म्हणतात आणि विषय मिटला असं समजतात. बलवान आणि दुबळा यांची अशी दिलजमाई टिकत नाही. ‘चहाडी का केलीस?’ म्हणून बाहेर त्या मुलाला दुप्पट भोगावं लागतं. घरी सांगतात, ‘दुर्लक्ष कर’, नाहीतर ‘तूही एक ठेवून दे’. ज्याला हे जमलं असतं त्याचा छळ मुळात झालाच नसता. त्याला आधी एवढंच ऐकायचं असतं: तुझं काही चुकलेलं नाही आणि हे थांबवणं आता आमचं काम आहे. मग काय घडलं, कधी, कुठे, तिथे कोण होतं हे तारखेनिशी लिहून काढा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर फोटो फिरवून टवाळी होत असेल, तर ग्रुप सोडण्याआधी त्या संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तिथेही बघणारे असतातच, आणि हसरी इमोजी टाकणारं मूल आपलंही असू शकतं. आपलं मूल त्रास देणारं निघालं तर हात उगारू नका, तो वर्गात पुढे कुणावर तरी निघतो.

मुलांनो, तुम्ही ऐकत असाल तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, चाइल्डलाइनचा, एक नंबर लक्षात ठेवा: १०९८. दहा-नऊ-आठ. फोन मोफत लागतो, दिवसा-रात्री कधीही. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि पालकहो, आज जेवताना मुलाला ‘तुला कुणी त्रास देतं का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुमच्या वर्गात मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं?’ असंही विचारा. हे उत्तर मुलं पटकन देतात, नावासकट. ते नाव उद्या वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, मूल तुमचं नसलं तरी.

नमस्कार.