टनाचा दर, किलोचा भाव

(दृश्य: वजनकाट्यावर उभी असलेली कचऱ्याची गाडी. आकडे सरकत थांबतात.)

शहराचा कचरा उचलायचं कंत्राट निघतं तेव्हा बऱ्याच ठिकाणी पैसे टनावर मोजले जातात. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी पुन्हा चढते, मधला फरक वहीत लिहिला जातो. महिन्याच्या शेवटी बिल. हिशेब सोपा, तपासायलाही सोपा.

पण या हिशेबात कचरा कमी व्हावा असं कुणाला वाटेल? पुठ्ठा वेगळा काढला की गाडी हलकी होते. भाजीची देठं सोसायटीच्या खतात गेली की आणखी हलकी. पावसात भिजलेला कचरा मात्र झकास वजन देतो. कंत्राटदार भला आहे की लबाड, हा मुद्दाच नाही. भल्यातला भला माणूस असला तरी त्याचं पोट काट्यावर आहे.

आणि हे टन जातात कुठे? पुण्यात याचं उत्तर बरीच वर्षं एकच होतं: उरुळी देवाची आणि फुरसुंगी. सासवडच्या वाटेवरची ही गावं. शहराचा मिसळलेला कचरा तिथल्या डेपोत पडत राहिला. विहिरींचं पाणी खराब झालं, माश्या आणि दुर्गंधी घराघरात शिरली. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. गाड्या अडल्या की दोन-चार दिवसांत शहरातल्या कोपऱ्या-कोपऱ्यावर ढीग साचायचे. तेवढे दिवस पुणेकरांना फुरसुंगीचा वास घरबसल्या मिळायचा.

(दृश्य: पहाटेचा रस्ता. पाठीवर पोतं घेतलेली बाई कचराकुंडीशी वाकलेली.)

याच शहरात कचऱ्याचा दुसरा एक व्यवहार केव्हापासून चालू होता. त्यात टन नव्हते, किलो होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून कितीतरी कुटुंबं पुण्यात आली. जमीन नाही, शिक्षण नाही, ओळख नाही. जवळजवळ सगळी दलित कुटुंबं. बाप्यांना कुठे कुठे हमाली, बिगारी मिळाली. बायकांच्या वाट्याला कचराकुंडी आली, आणि तीही कुणी दिली नाही, त्यांनीच शोधली. पहाटे अंधारात निघायचं, कुत्री चुकवायची, कुंडीत हात घालायचा. कागद, काच, पत्रा, पुढे प्लॅस्टिक. दुपारी भंगारवाल्याच्या काट्यावर माल टाकायचा आणि तो काटा खरा धरायचा, कारण दुसरा काटा नव्हता.

तिथून पुठ्ठा कागद गिरणीत जायचा, काच भट्टीत, प्लॅस्टिकचा दाणा होऊन पुन्हा बादल्या आणि पाइप. कारखान्यांना स्वस्त कच्चा माल मिळत होता. महापालिकेला तेवढा कचरा वाहून न्यावा लागत नव्हता, म्हणजे डिझेल वाचत होतं, डेपोतली जागा वाचत होती. या बचतीचं पालिकेच्या अंदाजपत्रकात कुठलंच खातं नव्हतं. बायकांच्या नावावर जमा होती ती चोरीच्या संशयाची. सोसायटीत काही गेलं की पहिली चौकशी पोतंवालीची.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. नेल्या होत्या पाट्या-पुस्तकं. बायकांना अक्षरांची घाई नव्हती. त्यांना हवा होता जरा बरा कचरा. घरातच सुका वेगळा ठेवला तर कुंडीत हात घालायला नको, मालाला भावही चांगला. म्हणून कोरेगाव पार्क भागात घरोघरी जाऊन सुका कचरा घेण्याचा प्रयोग सुरू झाला. बायकांच्या हातात विद्यापीठाची ओळखपत्रं. थोड्याच दिवसांत एक उद्योजक गाडी घेऊन त्याच वस्तीत उतरला: कचऱ्याला किंमत आहे, हे एव्हाना दुसऱ्यांनाही दिसलं होतं. बायकांनी विरोध केला आणि तो मागे हटला. पण एका वस्तीत जमलं ते शहरभर जमायचं तर संघटना हवी, हे तेव्हाच पक्कं झालं.

१९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरा वेचकांची परिषद भरली. आठशेहून जास्त जण आले. हमाल पंचायतीचे बाबा आढाव सोबत होते, आणि त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ट्रेड युनियन म्हणून. हा निर्णय मला आजही सगळ्यात धूर्त वाटतो, चांगल्या अर्थाने. सेवाभावी संस्था काढली असती तर चादरी मिळाल्या असत्या, दिवाळीला फराळ मिळाला असता. युनियन काढल्यामुळे दावा असा झाला की हे काम आहे, शहर या कामावर चालतं, आणि कामाचा मोबदला असतो. पुढे पालिकेने ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. २००० नंतर लवकरच पालिकेच्या खर्चाने आरोग्य विमाही आला.

(दृश्य: सोसायटीचं फाटक. दोघी जणी, ढकलगाडी, गाडीला अडकवलेल्या बकेटा आणि पोती.)

२००० साली देशात घनकचऱ्याचे नियम आले. कचरा दारातून गोळा करा, म्हणाले नियम. ऐकायला चांगलं. पण दारातून कोण उचलणार? कंत्राटदाराची गाडी आली तर कुंडी संपेल आणि कुंडीबरोबर बायकांची रोजी. शहर स्वच्छ करण्याचा नियम शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांनाच बाहेर काढणार होता. पंचायतीने उलट प्रस्ताव ठेवला: दारातून आम्हीच उचलतो. २००५ पासून काही भागांत करून पाहिलं, २००७ मध्ये 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

यातली पैशाची मांडणी नीट पाहायला हवी, सगळी मेख तिथे आहे. प्रत्येक घर महिन्याला ठरलेलं शुल्क देतं. ते जातं कचरा उचलणाऱ्या बाईला. ओला कचरा ती पालिकेच्या गाडीत देते. सुका तिचा. तो निवडायचा, साठवायचा, विकायचा. विक्रीचे पैसेही तिचेच. पालिका ढकलगाड्या, हातमोजे आणि देखरेखीचा खर्च उचलते, पण टनाचा दर कुणालाच नाही. त्यामुळे जे वेगळं होतं त्यावर बाईची कमाई वाढते आणि जे डेपोत जातं त्यावर वाढत नाही. पालिकेचं हित, पर्यावरणाचं हित आणि कामगाराचं हित एका दिशेला लावायला कुणाच्या सद्भावनेची गरज पडली नाही. पैशाची वाट बदलली, एवढंच.

आज 'स्वच्छ'चे सुमारे साडेतीन हजार सभासद आहेत, बहुसंख्य बायका. पुण्यातल्या लाखो घरांत त्या रोज जातात.

(दृश्य: निवडणी शेड. जमिनीवर पसरलेला सुका माल. हात पटापट चालतात.)

ही शेड म्हणजे शाळा आहे. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर भाव निराळा. पाण्याच्या बाटलीचं बूच एका पोत्यात, बाटली दुसऱ्या. प्लॅस्टिक कुठलं हे इथल्या बायका हाताने चुरगाळून, आवाजावरून सांगतात. एका वेष्टनाशी मात्र सगळ्या थांबतात: वेफर्सची, शांपूची चकचकीत पुडी. आत ॲल्युमिनिअमचा पातळ थर, वर प्लॅस्टिक, एकमेकांना चिकटवलेले. सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. बाईने तेही उचललं, तेही निवडलं, वेळ तेवढाच गेला. मोबदला शून्य.

तीच गोष्ट सॅनिटरी पॅडची. कागदात न गुंडाळता टाकलेली पॅडं हाताने वेगळी काढावी लागतात. २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या बायकांनी वापरलेली पॅडं गोळा करून ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे परत पाठवली. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. पुढे लाल ठिपक्याची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला न उघडता कळेल. एक ठिपका काढायला किती वेळ लागतो? तरी अजून सगळी घरं काढत नाहीत.

आता या मांडणीचं दुखणं. ती कौतुकाच्या भाषणांत येते तेव्हा एक गोष्ट हमखास गाळली जाते: सगळी जोखीम बाईवर आहे. कच्च्या तेलाचे भाव पडले की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि जुन्याला कुणी विचारत नाही. आखातात तेल उतरलं की कात्रजच्या शेडमध्ये किलोमागचा भाव उतरतो. २०२१ मध्ये प्लॅस्टिक भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ वर गेला. वर बसलेला कर खाली कुणाच्या भावातून वळता होतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. आजारी पडलं तर पगारी रजा नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. शुल्कसुद्धा दार वाजवून मागायचं. सहाव्या मजल्यावरचे साहेब "पुढच्या महिन्यात घ्या" म्हणतात, आणि ती पुढच्या महिन्यात पुन्हा जिना चढते. पाणीपट्टीसाठी पालिकेचा माणूस असा दारोदार विनवण्या करत फिरतो का? झोपडवस्तीतल्या घरांना शुल्क परवडत नाही तिथे काम तेवढंच आणि कमाई कमी. कोरोनाच्या टाळेबंदीतही या बायका दारात येत होत्या, तेव्हा आपण त्यांना योद्धा म्हणालो. आणि कराराची मुदत संपत आली की दर वेळी मुदतवाढ, चर्चा, कंत्राटदार आणायची भाषा.

थोडक्यात, पालिकेला ही व्यवस्था स्वस्त पडते, कारण खर्चाचा मोठा भाग बाईच्या अंगावर आहे.

(दृश्य: न विकल्या जाणाऱ्या वेष्टनांनी भरलेली पोती.)

मग या पुड्यांचे पैसे कुणी द्यायचे? कायद्याने उत्तर दिलेलं आहे: ज्याने वेष्टन बाजारात आणलं त्याने. प्लॅस्टिक कचऱ्याचे २०१६ चे नियम उत्पादकाची जबाबदारी सांगतात, कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असंही सांगतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर बाजारच उभा केला: नोंदणीकृत कारखाना इतक्या प्लॅस्टिकवर प्रक्रिया केली असं प्रमाणपत्र तयार करतो, वेष्टन बाजारात आणणारी कंपनी ते विकत घेते, सरकारी पोर्टलवर कंपनीचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं दिसतं. कारखान्याच्या दारात येण्याआधी ते प्लॅस्टिक कुणी तीन जिने चढून आणलं आणि मांडी घालून निवडलं, याचा रकाना त्या प्रमाणपत्रात नाही. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत ठेवून ती दुकानात परत घ्यायची तरतूद होती. तुमच्या दुधवाल्याने ते पन्नास पैसे कधी परत केलेत?

पुण्यात वेगळं करून पाहिलं गेलंय. कंपनीकडून पैसे घेऊन या चकचकीत पुड्या किलोच्या भावाने कचरा वेचकांकडून विकत घेण्याचा प्रकल्प 'स्वच्छ'ने राबवला. भाव लागला तशी आजवर फेकली जाणारी पुडी शेडमध्ये वेगळ्या पोत्यात साठू लागली. बायकांना वेगळं प्रबोधन लागलं नाही. पण प्रकल्पाला मुदत असते आणि निधीला मर्यादा. पाण्याच्या बाटलीला बाजार आहे म्हणून ती कुठल्याही वर्षी उचलली जाते. वेफर्सच्या पुडीला कंपनी देईल तितकेच दिवस भाव, आणि तो किती असावा, किती वर्षं द्यावा, हे आजही कंपनीच ठरवते.